पेवातली ज्वारी: उदगीर परिसरातला एक प्रवास

हैदराबादहून उदगीरला जायचं तर रेल्वेनं जावं. विकाराबादला मुख्य मार्ग सोडून गाडी परळीच्या दिशेनं वळते आणि जहीराबाद, बिदर, भालकी, कमलनगर करत महाराष्ट्रात शिरते. स्टेशनांच्या पाट्यांवर आधी तेलुगू दिसते, मग कन्नड, मग मराठी. बिदरच्या पठारावरची तांबडी जांभ्याची माती हळूहळू मागं पडते आणि काळं रान लागतं. वेळा अमावस्येच्या आसपास, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, या रानात तूर काढणीला आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात आणि ज्वारी डोलत असते. डब्यातली माणसं एका वाक्यात दोन-तीन भाषा वापरतात आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

आज तीन राज्यांत वाटला गेलेला हा पट्टा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच बिदर जिल्ह्यात होता. जहीराबाद त्यात होतं, भालकी त्यात होती आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे मराठी तालुकेही त्यातच होते. भाषावार रचनेत हे तीन तालुके उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा तिकडे आले. म्हणून उदगीर समजून घ्यायचं तर लातूरइतकंच बिदरकडेही पाहावं लागतं, आणि दोन्हींच्या मागे उभ्या असलेल्या निजामाच्या हैदराबाद संस्थानाकडे.

मी या मुलखात एक प्रश्न घेऊन आले होते. सुदान, काँगो, सिएरा लिओन अशा देशांतून यादवीच्या आणि कत्तलींच्या बातम्या आल्या की अभ्यासकांमध्ये एक वाद हमखास सुरू होतो. ही भांडणं जमातींच्या जुन्या वैराची आहेत, की जमीन, पाणी आणि खनिजं कुणाच्या ताब्यात राहणार याची? दूरच्या देशांवरून हा वाद घालणं सोपं असतं. आपल्याकडे १९४७-४८ साली तोच प्रश्न घराघरांतून गेला, आणि ज्या भागात तो फार निर्घृणपणे गेला त्यात उदगीरचा परिसर येतो.

सुरुवात किल्ल्यापासून केली. गावाच्या टोकाला, दरीच्या काठावर उभा असलेला हा भुईकोट. दुहेरी तटबंदी, सुमारे ४० फूट खोल खंदक, दरवाजांवर आणि भिंतींवर फारसी-अरबी शिलालेख, आणि आत उदागीर बाबांची समाधी. याच बाबांच्या नावावरून गावाला नाव मिळालं असं इथले लोक सांगतात. तटावर फिरताना राजवाड्याचे महाल दिसतात, पण मला जास्त बोलकी वाटली ती तटाबाहेर क्षितिजापर्यंत पसरलेली शेती. हा किल्ला ज्याच्या हाती त्याच्याकडे या शेतीचा सारा जायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहामनी राज्य ढासळत असताना कासिम बरीदानं कंधार आणि औशाबरोबर उदगीर आपल्या जहागिरीत घेतलं. १६३६ मध्ये शहाजहानच्या फौजेनं ते जिंकलं.

३ फेब्रुवारी १७६० ची उदगीरची लढाई आपल्याला शाळेपासून पाठ असते. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं हरवलं, आणि इब्राहिमखान गारदी आपल्या तोफखान्यासह भाऊंच्या बाजूनं लढत होता. शाळेत जो भाग घाईनं संपवतात तो तहाचा. निजामानं सुमारे ६० लाख उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अहमदनगर, विजापूर, बुऱ्हाणपूर, अशीरगड ही ठाणी सोडायचं कबूल केलं. मुलूख मोजला जायचा तो त्याच्या वसुलात. मुसलमान सरदार मराठ्यांकडे आणि हिंदू सरदार निजामाकडे असणं त्या काळी कुणाला खटकत नव्हतं, कारण लढाई वसुलाच्या हक्काची होती. पुढच्या वर्षी पानिपत झालं आणि यातला बराच मुलूख हातचा गेला. सारा देणारा कुणबी मात्र त्याच जागी होता.

हीच व्यवस्था बारीकसारीक बदलांनिशी विसाव्या शतकापर्यंत पोचली. १९४१ च्या शिरगणतीत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. त्यात शंभरात साधारण तेरा माणसं मुसलमान. संस्थानाच्या जमिनीपैकी सुमारे ६० टक्के खालसा, म्हणजे सरकारच्या थेट वहिवाटीखाली होती. सुमारे १० टक्के सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामाची खासगी मिळकत. उरलेली जहागीरदार, पायगावाले अमीर आणि संस्थानिक यांच्याकडे. बिदर जिल्ह्याचा मोठा हिस्सा असा पायगा-जहागिरींखाली होता. जहागिरीच्या गावात सारा वेगळा, कचेरी वेगळी, आणि दाद मागायची ती ज्याच्याविरुद्ध मागायची त्याच्याकडेच.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मोठे जहागीरदार आणि वरचे अंमलदार बहुसंख्येनं मुसलमान होते हे खरं. पण गावपातळीवर जमीन आणि कर्ज ज्यांच्या मुठीत होतं ते देशमुख, देशपांडे, पाटील आणि सावकार बहुसंख्येनं हिंदू होते. आणि उदगीर, निलंगा, औसा भागातला सामान्य मुसलमान हा विणकर, पिंजारी, तांबोळी, शिपाई किंवा कूळ होता. त्याच्याकडे जहागीर तर नव्हतीच, बहुतेकदा स्वतःची बैलजोडीही नव्हती. म्हणजे पिळवणुकीची रेघ धर्माच्या रेघेशी जुळत नव्हती. ती जुळलेली आहे असं लोकांना वाटायला लावण्यासाठी बऱ्याच लोकांना बरेच कष्ट घ्यावे लागले.

किल्ल्यावरून मी मोंढ्यात आले. उदगीरचा मोंढा तूर, हरभरा आणि सोयाबीनचा. गावात डाळीच्या गिरण्या आहेत आणि हंगामात ट्रकांची रांग लागते. आडत दुकानांच्या पुढ्यात पोत्यांच्या थप्प्या, हमालांची ये-जा, सौद्याच्या वेळी उडणारा गलका. एका जुन्या आडत्याला मी पेवांबद्दल विचारलं. जमिनीत खोल खड्डा खणून, आतून कडबा आणि भुसकट लावून त्यात ज्वारी साठवायची, वरून माती लिंपायची, ही मराठवाड्यातली जुनी रीत. चांगलं पेव वर्षानुवर्षं दाणा टिकवायचं. दुष्काळात ते उघडलं की गाव जगायचं. "आता कोण पेव राखतंय? सोयाबीन निघालं की सरळ मोंढ्यात," ते म्हणाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारनं सक्तीची धान्यवसुली, म्हणजे लेव्ही, सुरू केली. पिकापैकी ठरलेला हिस्सा सरकारी भावानं सरकारला घालायचा. ज्याची अंमलदारांपर्यंत पोच होती तो आपला साठा लपवू शकायचा; लहान शेतकऱ्याच्या अंगणातलं पेव मात्र सगळ्या गावाला माहीत असायचं. १९४७ नंतर लेव्हीच्या वसुलीला पोलिसांबरोबर रझाकार येऊ लागले, आणि इथल्या आठवणींमध्ये राज्याचा चेहरा बदलला तो या वेळी. धान्य नेणारा माणूस आता नुसता सरकारी राहिला नव्हता. तो एका धर्माच्या नावानं बंदूक घेऊन दारात उभा होता.

रझाकार कोण होते, हे आज थोडं विस्तारानं सांगावं लागतं. रझाकार ही मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची खासगी सेना, आणि ही संघटना १९२७ सालची. तिचे नेते बहादूर यार जंग यांच्या मृत्यूनंतर, १९४६ मध्ये तिची सूत्रं कासिम रझवी यांच्याकडे आली. रझवी लातूरचे वकील. संस्थानातला प्रत्येक मुसलमान हा सत्तेचा भागीदार आहे, अशी मजलिसची शिकवण होती. ज्याच्या घरात दुसऱ्या वेळची भाकर नव्हती अशा विणकराला आणि शिपायाला ती सांगत होती की तू राजा आहेस. त्याला गणवेश मिळाला, हत्यार मिळालं आणि आजवर ज्या वाड्यापुढे तो वाकत होता तिथं ताठ मानेनं शिरता आलं. १२ जून १९४७ च्या फर्मानानं निजामानं स्वतंत्र राहण्याचा इरादा जाहीर केला, २९ नोव्हेंबरला भारताशी जैसे थे करार केला, आणि या काळात राज्याची खरी ताकद कचेऱ्यांतून निघून या खासगी सेनेकडे गेली. सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या विमानफेऱ्यांतून हत्यारं आणत होता. सरकार होतं, टपाल होतं, रेल्वे होती, पण गावात रात्री काय होईल याचा भरवसा देणारं कुणी उरलं नव्हतं. दुर्बळ राज्य म्हणतात ते यालाच.

स्टेट काँग्रेसचा लढाही याच जमिनीवर आणि झाडांवर उभा राहिला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली १९४७ मध्ये सत्याग्रह सुरू झाला तेव्हा गावोगाव तीन गोष्टी केल्या गेल्या: लेव्ही नाकारली, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके जाळले, आणि शिंदीची झाडं तोडली. शिंदी का? कारण आबकारी हा संस्थानाच्या तिजोरीचा एक मोठा आधार होता आणि शिंदीचं प्रत्येक झाड सरकारला पैसा देत होतं. झाड तोडणं म्हणजे तिजोरीला भोक पाडणं. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली तीही याच तर्कानं, आणि तो पैसा लढ्यासाठी वापरला गेला. सरहद्दीपलीकडे उमरखेड, सोलापूर, बार्शी या भागांत सशस्त्र तरुणांचे कॅम्प पडले.

उदगीर परिसरातल्या तरुणांनी किसान दल उभारलं. त्यांचं एक ठाणं पाहायला मी देवर्जनजवळच्या हत्तीबेटावर गेले. उदगीरपासून वाट जवळचीच. सपाट काळ्या रानात अचानक काळ्या कातळाचा डोंगर उठतो. वर कोरीव लेणी आहेत, गंगाराम महाराजांची समाधी आहे, आणि शासनानं या जागेला पर्यटनस्थळाचा दर्जा दिल्यानंतर पायऱ्या आणि झाडोरा नीट झाला आहे. लेण्यांच्या दारात उभं राहिलं की चहूबाजूंची गावं दिसतात. टेहळणीला याहून चांगली जागा या भागात मिळाली नसती. खाली देवर्जनच्या धरणाचं पाणी चमकत असतं. १९४८ मध्ये ते नव्हतं. त्या काळात या खोऱ्यातलं मोठं धरण एकच, मांजरेवरचं निजामसागर, १९३१ मध्ये पुरं झालेलं. ते इथून पुष्कळ खाली, तेलंगणात. मांजरा बीडच्या डोंगरात उगम पावते, लातूर आणि बिदरच्या कोरडवाहू रानांच्या कडेनं वाहते, आणि तिच्या पाण्यावर ऊस पिकला तो निजामाबादेत, १९३७ मध्ये सुरू झालेल्या बोधनच्या साखर कारखान्यासाठी. मराठवाड्याला आपल्या नदीचं पाणी अडवायला संस्थान संपून बरीच वर्षं उलटावी लागली.

हत्तीबेटाच्या पायथ्याशी एका शेतात वेळा अमावस्येची तयारी चालली होती. हा सण लातूर-धाराशिवकडचा (म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादकडचा) आणि सीमेपलीकडच्या बिदर-कलबुर्गीचा. कडब्याची कोप करायची, तिच्यात पांडव मांडायचे, आणि ज्याचं शेत नाही त्यालाही आग्रहानं बोलवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली आंबील. त्या दिवशी उदगीर-लातूरचे रस्ते ओस पडतात, कारण सगळं शहर रानात असतं. शेजारच्या घरचं मुसलमान कुटुंब, गावातले मातंग, बौद्ध, सगळे एकाच झाडाखाली जेवतात. कोपीजवळ बसलेल्या आजी नव्वदीच्या पुढच्या. त्यांना मी त्या सालाबद्दल विचारलं.

"रझाकाराच्या साली मी न्हानी होते, लेकी. राती रानात निजायचो. माय तव्यावरची भाकर तशीच टाकून पळायची." मग थांबून त्या म्हणाल्या, "आन् मागनं पोलीस आले तवा आमच्या गल्लीतली मुसलमानाची घरं रिकामी झाली. त्यातली माझी एक मैतरीण व्हती."

हे दोन्ही त्यांनी एका दमात सांगितलं. आपल्या लिहिलेल्या इतिहासात ही दोन वाक्यं सहसा एकत्र येत नाहीत. मुक्तिसंग्रामाची पुस्तकं रझाकारांच्या अत्याचारांपाशी थांबतात आणि ते अत्याचार खरे आहेत. २९ ऑक्टोबर १९४६ ला अर्जापूरला स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे मारले गेले. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात हत्याकांड झालं. ऑगस्टमध्ये हैदराबादेत 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला; रझाकारांच्या विरोधात लिहिणारा हा पत्रकार मुसलमान होता. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या (यालाच पोलीस कारवाई म्हणतात), १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि तो केलाच पाहिजे.

पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे झालं त्यासाठी लातूरला जावं लागतं. उदगीरहून लातूर रोडमार्गे रेल्वेनं किंवा सरळ बसनं. लातूरची ओळख म्हणजे गंजगोलाई, फैय्याजुद्दीन यांच्या आराखड्यानं १९१७ साली घातलेली गोल बाजारपेठ, जिला १६ रस्ते येऊन मिळतात. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती कापड, धान्य, सराफा. १९४८ मध्ये या पेठेत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठ्या पेढ्या होत्या.

पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना संस्थानात सदिच्छा मंडळ म्हणून पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले, १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. त्यांचा अहवाल अनेक दशकं बंद राहिला. २०१३ मध्ये तो दिल्लीत नेहरू स्मारक संग्रहालयात वाचायला खुला झाला. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर संस्थानभर २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. म्हणजे आजचे लातूर आणि उदगीर दोन्ही त्यात आले. लातुरात कत्तल वीसहून अधिक दिवस चालली, असं ते नोंदवतात. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी त्यांना जेमतेम तीन हजार सापडले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे नेसत्या वस्त्रानिशी पळाले होते.

मंडळानं जागोजाग लुटीची वर्णनं दिली आहेत. दुकानं, घरं, गुरं, साठवलेलं धान्य. जहागिरीत मिरवणारे बडे लोक बहुतेक हैदराबादच्या हवेल्यांत सुखरूप होते. मार खाल्ला तो गावातल्या शिपायानं, कुळानं, विणकरानं आणि पेठेतल्या दुकानदारानं. रझाकाराचा सूड त्याच्या धर्मबांधवावर उगवला गेला, आणि त्या आडून ज्याची ज्याच्या घरावर नजर होती त्यानं ते घेतलं.

या काळ्या अहवालात एक जागा अशी आहे की जिथं मी पुन्हा पुन्हा थांबले. हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवल्याची अनेक उदाहरणं मंडळाला आढळली, आणि ही आपुलकी एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये विशेष दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हल्लेखोर हिंदूंपासून राखलं, आणि त्यात आपली माणसं गमावली. ज्यांचं सूत, ज्यांचे माग, ज्यांचा बाजार आणि ज्यांचं कर्ज एक होतं त्यांना दंगलीच्या ऐन भरातही आपलं कोण ते नेमकं कळत होतं. माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथं मिळालं. पोटाचे संबंध जिथं खरोखर गुंफलेले होते तिथं धर्माची रेघ टिकली नाही.

उरलेलं निम्मं उत्तर राज्याचं आहे. सुदानच्या दारफुरकडे पाहा. १९८० च्या दशकातल्या दुष्काळांनी उंटवाले भटके अरब दक्षिणेकडे सरकले आणि फुर, मसालित शेतकऱ्यांच्या रानांत आले. चराई आणि पाण्यावरून तंटे पूर्वीही व्हायचे, ते जमातींचे मुखिये बसून मिटवत. २००३ मध्ये बंड झालं तेव्हा खार्तूमच्या सरकारनं ते मोडायला अरब टोळ्यांना हत्यारं दिली. ते जंजावीद. कुरणाचा तंटा वंशसंहार झाला तो या हत्यारांनी. पुढे त्याच टोळ्यांचं निमलष्करी दल बनवण्यात आलं, सोन्याच्या खाणींनी त्याला पैसा पुरवला, आणि एप्रिल २०२३ पासून ते दल आणि सुदानची फौज यांच्यात देश भाजून निघाला आहे. उलट बोत्सवानात सिएरा लिओनपेक्षा कितीतरी जास्त हिरे निघतात, पण तिथं हिऱ्यांसाठी यादवी झाली नाही, कारण खाणीचा पैसा सरकारी हिशेबात आला आणि सरकार लोकांना जबाबदार राहिलं. हैदराबाद आणि दारफुर यांचं प्रमाण वेगळं, इतिहास वेगळा. पण सरकारनं एका जमातीच्या हाती बंदूक देऊन तिला इतरांवर सोडणं, ही कृती दोन्हीकडे एकच आहे.

याच लातुरात २०१६ साली याच्या उलटंही दिसलं. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये प्रशासनानं पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत ५ लाख लिटर. लोक रात्रभर घागरी घेऊन रांगेत उभे राहिले. भांडणं झाली, टँकरवाल्यांनी पैसा केला, गरिबांच्या वस्तीत पाणी उशिरा पोचलं. पण एका जमातीनं दुसरीवर चाल केली नाही. माणसाला १९४८ मध्ये धान्याची जितकी गरज होती तितकीच २०१६ मध्ये पाण्याची होती. फरक हा की या वेळी रेल्वे कुणाच्या धर्माची नव्हती आणि रांग राखणारा शिपाई कुठल्या सेनेचा नव्हता. टंचाई एकटी माणसं मारत नाही, असं माझं या प्रवासानंतरचं ठाम मत आहे. वाटपाची सत्ता एका गटाची झाली, आणि तिच्याकडे दाद मागायची सोय उरली नाही, की मग टंचाई मारते.

म्हणून मला काळजी वाटते ती गायरानांची. जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या, १९५० च्या कूळ कायद्यानं संरक्षित कुळांना हक्क दिले, पण ज्यांच्याकडे कूळ म्हणूनही जमीन नव्हती अशा दलितांच्या वाट्याला आली ती गावची पडीक गायरानं. त्यांनी ती कसली. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांत मराठवाड्यातून हजारो लोक तुरुंगात गेले. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर जो हिंसाचार उसळला, ज्यात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले, त्याच्या तळाशीही पुष्कळ गावांत गायरानाचा राग होता. १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. तरी आजही अनेक कुटुंबांच्या नावावर सातबारा नाही, आणि सातबारा नसलेला माणूस गावातल्या कुठल्याही भांडणात सगळ्यात आधी उघडा पडतो. तहसील कचेरीत पडून असलेली ही प्रकरणं निकाली काढणं हे शांततेचं काम आहे आणि ते कुठल्याही शांतता समितीच्या बैठकीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

वाचकांपैकी कुणी या बाजूला जाणार असेल तर हिवाळ्यात जावं. किल्ल्याला सकाळ द्यावी, हत्तीबेटाला दुपार, आणि जमलं तर वेळा अमावस्या साधावी. आमंत्रण मागावं लागत नाही. पण माझी एक विनंती उदगीर, लातूर, निलंगा, देवणी, मुखेड इथल्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरनं पंच्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवून दाखवलं. एवढं बळ ज्या गावात आहे त्याला हे काम जड नाही. आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे विद्यार्थ्यांना पाठवा. रझाकारांनी कुणाला मारलं, सप्टेंबरनंतर कोण मारलं गेलं, कुणी कुणाला घरात लपवलं, कुणाचं रान कुणाकडे गेलं, हे सगळं एकाच वहीत लिहून घ्या. हैदराबादला निघून गेलेल्या कुटुंबांकडेही जा. १९४८ साली दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या उंबऱ्यावर आहे.